बोटीत न चढलेल्या बायका

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. लेख ग्रंथालयातल्या अनुभवांवर हवा आणि हलकाफुलका हवा. पहिली अट मी पाळते आहे. दुसरी पाळायचा प्रयत्न केला, दोन पानं लिहिली आणि फाडून टाकली. ज्यांना महाविद्यालयातल्या गमती वाचायच्या असतील त्यांनी आमच्या प्राचार्यांकडून लेख मागवावा. त्यांचा बराचसा वेळ गमतीतच गेला.

मी नगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. कागदोपत्री आता अहिल्यानगर लिहिते, पण नोकरी नगरात सुरू झाली आणि माझ्या लेखी नगरातच संपली. ग्रंथपाल नावाचा प्राणी कुठे बसवायचा हे महाविद्यालयाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. प्राध्यापकांच्या बैठकीला गेलं की ‘मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात’ असं म्हणायचे आणि खुर्ची काही सरकवायचे नाहीत. बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे पुस्तक द्यायचं आणि परत घ्यायचं. खरं काम वेगळं आहे. माणूस अर्धवट प्रश्न घेऊन येतो. त्याला हवं असतं एक आणि विचारतो भलतंच. त्याच्याशी बोलत बोलत खरा प्रश्न काढून घ्यायचा, त्याचं उत्तर जगात कुणी कुठे लिहून ठेवलं असेल याचा अंदाज बांधायचा आणि त्याला तिथवर नेऊन सोडायचं. उत्तर नसेल तर ‘नाही’ असं सांगायचं. हे शेवटचं लोकांना अजिबात आवडत नाही.

अमेरिकेत कोण कुठून येऊन राहिलं याचे कागद शोधायचं वेड मला एका अमेरिकन बाईनं लावलं. नगरात एकेकाळी अमेरिकन मिशनरी बरेच होते. त्यांच्या नाती-पणत्या अधूनमधून येतात, दफनभूमीत एखादा दगड शोधतात, फोटो काढतात आणि जातात. ही बाई आमच्याकडची जुनी मिशनची पुस्तकं बघायला आली आणि आठवडाभर रमली. तिची आजी नगरात जन्मलेली आणि लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेला परत गेलेली. बाईनं माझ्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर त्या बोटीच्या प्रवाशांची यादी काढून दाखवली. शंभर वर्षांहून जुना कागद, वळणदार अक्षर आणि त्यात एका लहान मुलीच्या नावापुढे जन्मगाव म्हणून आमचं नगर. मी ते पान छापून घेतलं. त्या बाईसाठी प्राचार्यांनी किल्ली हरवलेलं कपाट कुलूप तोडून उघडलं, तिला शाल-श्रीफळ दिलं, विद्यार्थिनींकडून ओवाळून घेतलं. पाहुण्यांचं स्वागत करण्यात आमचं महाविद्यालय कधी कमी पडलं नाही.

ती गेल्यावर मी नाद लावून घेतला. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्या देशाला कागद जपायची खोड आहे. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाची यादी केली जायची. दर दहा वर्षांनी जनगणनेचे लोक दारोदार जायचे आणि घरातल्या एकेकाचं नाव लिहून घ्यायचे. ते तक्ते बहात्तर वर्षांनी लोकांना खुले होतात. नागरिकत्वाचे अर्ज आहेत, बंदरावरच्या चौकशीचे जबाब आहेत, गावोगावची जुनी वर्तमानपत्रं आहेत, परदेशी मजुरांवर सरकारनं नेमलेल्या आयोगांचे जाडजूड अहवाल आहेत. यातलं पुष्कळ घरबसल्या फुकट बघता येतं. पण कुठलं कुठे आहे आणि त्या काळचा कारकून काय शब्द वापरत होता हे माहीत असावं लागतं. आपल्याकडून गेलेला माणूस शीख असो की मुसलमान, तिकडचा कारकून सरसकट ‘हिंदू’ लिहून मोकळा व्हायचा. एवढं कळलं की शोध लागायला लागतो. फुकट मिळत नाही ते नव्या अभ्यासकांचं लेखन. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या विषयावर कुणी काय लिहिलं ते वाचायचं तर महाविद्यालयाला वार्षिक वर्गणी भरावी लागते. ती आमच्याकडे कुणी भरत नव्हतं. आमच्या शेल्फावर अमेरिकेचा इतिहास म्हणजे एकाच परीक्षोपयोगी मार्गदर्शकाच्या दोन डझन प्रती.

माझा हा नाद हळूहळू बाहेर फुटला आणि गिऱ्हाइकं यायला लागली. एमआयडीसीतले एक कारखानदार येऊन म्हणाले, “मॅडम, अमेरिकेच्या इमिग्रेशनचा इतिहास काय असेल तो सगळा काढून ठेवा.” मी हौसेनं चार दिवस खपून यादी केली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “यात मुलाचं ग्रीन कार्ड कधी होईल ते कुठल्या पानावर आहे?” बेलापूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक कुळवृत्तांत लिहीत होते. त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ अमेरिकेला गेले, तिथे मोठे झाले, अशी घरात पिढीजात समजूत. मी सगळीकडे शोधलं. अमेरिकेत ते गृहस्थ कुठेच नव्हते. आफ्रिकेकडे रेल्वेच्या कामावर गेलेल्यांत त्याच नावाचा एक माणूस होता. तसं मी सांगितलं. गुरुजी कडवट हसले आणि म्हणाले, “सापडले नाहीत म्हणजे गेले नाहीत, असं कुठंय?” पुढे कुळवृत्तांत छापून झाला. त्यात थोरले भाऊ अमेरिकेत आहेत आणि आभाराच्या यादीत मी आहे.

अशी माणसं चालायची. त्यांच्या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या होत्या. सारिकाची तशी नाही, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहिते आहे.

सारिका पाथर्डीकडची. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव रिकामं व्हायचं, ते उन्हाळ्यात भरायचं. सारिका शाळेत हुशार म्हणून तिला गावात चुलतीपाशी ठेवलेलं. धाकटी भावंडं फडावर जायची आणि ही मागे राहायची. इतिहासात एम. ए. करून तिनं पीएचडीची प्रवेशपरीक्षा काढली होती. आता विद्यापीठाच्या समितीनं विषय मंजूर केला की नोंदणी होणार होती आणि तिच्यासारख्या मुलींना मिळणारी शिष्यवृत्तीही. मंजूर झाला नाही तर वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे वर्ष शेवटचं, पुढे लग्न आणि जे नशिबात असेल ते. पाथर्डीकडे ते म्हणजे नवऱ्याबरोबर फडावर जाणं, हे सांगायला नको.

पहिल्या दिवशी ती काउंटरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचे लोक अमेरिकेत शेतात कामाला गेल्ते ना, त्यांच्यावर काय हाय का?”

मी म्हटलं, पंजाबातून गेलेल्यांवर पुष्कळ आहे. कॅलिफोर्नियातल्या शेतांवर होते, लाकडाच्या वखारींत होते. पुढे कायद्यानं दार बंद झालं, बायकांना नेता येईना, काहींनी तिकडे दुसरी लग्नं केली. तुला नेमकं काय हवंय?

“त्या बायका. गावात राह्यल्या त्या.”

एवढ्या वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर देणं फार अवघड होतं. सगळे कागद बोटीतून उतरलेल्यांचे. ज्या बोटीत चढल्याच नाहीत त्यांची नोंद कोण आणि कशाला करेल? मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, “मग उतरलेल्यांच्याच कागदात बघू की. त्यांनी कुठंतरी नाव घेतलं आसंल.”

तिचे मार्गदर्शक म्हणजे आमचे इतिहासाचे विभागप्रमुख. त्यांना ती विषय सांगायला गेली तर ते म्हणाले, “मागे राहिलेल्यांचा कसला आलाय इतिहास?” तरीपण सही केली. न वाचता सही करणं हा त्यांचा स्वभाव होता आणि त्या दिवशी तो आमच्या पथ्यावर पडला.

आम्ही बोटींच्या याद्या काढून बसलो. त्यांत एक रकाना असतो. ज्या देशातून आलात तिथल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. सारिकाला वाटलं, बायकांची नावं इथे असणार. एकेक पान मोठं करून ती वाचायची. मी पुस्तकं देता-घेता मान वाकडी करून बघायची. वडील, भाऊ, चुलता, परत वडील. चार दिवस झाले तरी बायको काही सापडेना. मी तिला म्हटलं, दुसरा रकाना बघ, लग्न झालंय की नाही तो. तिथे बऱ्याच जणांपुढे ‘विवाहित’ होतं. म्हणजे माणूस लग्न झालेला, बायको गावात जिवंत, आणि जवळचं नातेवाईक कोण असं विचारल्यावर त्यानं बापाचं नाव सांगितलेलं.

सारिकानं दोन्ही रकाने पडद्यावर बोट ठेवून परत जुळवून पाहिले. मग म्हणाली, “आमच्यात बी असंच हाय मॅडम. मुकादम वहीत नवऱ्याचं नाव लिहितो अन् पुढं लिहितो, एक कोयता. एक कोयता म्हंजे नवरा-बायको दोघं मिळून. तोडायला दोघं, मोळ्या डोक्यावर घ्यायला आई, अन् नाव एकाचं.”

तो तिचा प्रबंध होता. तिला तो तिथे माझ्या काउंटरवर सापडला. मला इतका आनंद झाला की मी शिपायाला पाठवून भेळ मागवली आणि ‘ग्रंथालयात खाण्यास मनाई’ या पाटीखाली बसून आम्ही ती खाल्ली. मी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मेल टाकली की अशी अशी मुलगी आहे, असा असा विषय आहे. तिकडच्या ग्रंथपाल बाईंचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. सोबत जुन्या मजुरांच्या मुलाखतींची सूची, काही पानं स्कॅन करून पाठवलेली आणि खाली लिहिलं होतं की प्रश्न फार चांगला आहे, कळवत राहा. आमच्या स्वतःच्या ग्रंथालय समितीला मी वर्गणीबद्दल दिलेल्या अर्जांची उत्तरं अजून यायची आहेत.

एकदा सारिकाची आई आली. बाजाराच्या कामानं नगरला आली होती, लेक काय करते ते बघावं म्हणून डोकावली. खुर्ची दिली तरी बसेना, दाराशीच भिंतीला टेकून उभी राहिली. अंगानं काटक आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. मला म्हणाली, “ही काय करायलीय दिसभर त्या डब्यात बघून?” मी सांगितलं, परदेशात गेलेल्या माणसांच्या बायका शोधते आहे. “आन् त्या घावल्यावं?” मी म्हटलं, त्यावर पुस्तक लिहील, डॉक्टर होईल, कॉलेजात शिकवेल. “नोकरी लागती का ह्येच्यात?” मी ‘हो’ म्हणाले. खोटं बोलले नाही, मला तसंच वाटत होतं. ती समाधानानं मान हलवून गेली.

आता त्या वर्षीच्या तपासणीबद्दल सांगायला हवं. महाविद्यालयांना दर्जा देणारी समिती दर काही वर्षांनी येते. ती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो आणि ग्रंथालयाला अचानक किंमत येते. त्या वर्षी ‘ई-ग्रंथालय’ दाखवायचं ठरलं. नवे कॉम्प्युटर आले, एका खोलीत ओळीनं मांडले गेले आणि त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं चढली. जी वर्गणी मी इतकी वर्षं मागत होते तिच्यावर प्राचार्यांनी तोडगा काढला. परदेशी प्रकाशक महिनाभर फुकट वापरून बघायला देतात, पसंत पडलं तर विकत घ्या म्हणून. प्राचार्यांनी असे चार-पाच ‘फुकट महिने’ मागवून घेतले. पडद्याचे फोटो काढायचे, अहवालात छापायचे, समितीला दाखवायचे आणि महिना संपला की विषय संपला.

सारिकाला विषय मंजूर करून घ्यायचा तर आधी कुणी काय संशोधन केलंय याचा आढावा विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवावा लागणार होता. तो सगळा त्या वर्गणीच्या दारामागे होता, आणि ते दार आता महिनाभर उघडं होतं. पण ते फक्त महाविद्यालयाच्या इमारतीतल्या कॉम्प्युटरवरूनच उघडायचं. मी प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, नवी खोली उघडू द्या, मुलांना वापरू द्या.

“समिती येईपर्यंत कव्हर काढायचं नाही,” ते म्हणाले. “धूळ बसते.”

“सर, महिना त्याआधीच संपत आलेला असेल.”

“मग? आपल्याला काय वाचायचंय त्यात?”

हे ते रागानं म्हणाले नाहीत. खरोखर नवल वाटून म्हणाले. मी सारिकाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, एका मुलीसाठी अख्खी लॅब उघडायची म्हटल्यावर उद्या सगळेच मागतील.” सगळ्यांनी मागावं म्हणूनच ग्रंथालय असतं, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी बेल वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

शेवटी माझ्या काउंटरवरचं जुनं यंत्र उरलं. त्याला एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात मी तीन मुलांची पुस्तकं बदलून द्यायची. सारिका माझ्या शेजारी स्टुलावर बसून मिळेल तेवढं वाचायची, उतरवायची. शेजारच्याच खोलीत नवे कॉम्प्युटर प्लास्टिक पांघरून बसलेले. आमचं जेमतेम निम्मं झालं.

समिती आली त्या दिवशी कव्हरं निघाली आणि ‘संशोधक विद्यार्थिनी’ म्हणून सारिकालाच तिथे बसवलं. ती एकटीच होती जिला ते उघडायचं कसं हे माहीत होतं. समितीतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी तिला विचारलं, काय शोधतेस? सारिकानं बोटीची यादी दाखवली, रकाना दाखवला, वडील-भाऊ-चुलता वाचून दाखवलं. ते गृहस्थ खाली वाकून बघत राहिले. खुर्ची मागून बसले. शेवटी म्हणाले, “इथे हे काम चालतं?” प्राचार्यांची छाती फुगली. सारिकानं धीर करून विचारलं, “सर, ही सोय पुढं चालू राहील ना?” उत्तर प्राचार्यांनी दिलं, “कायमस्वरूपी आहे, बाळ.”

ती हरखली. मलाही क्षणभर वाटलं की एवढ्या लोकांसमोर बोललेत तर भरतील वर्गणी. महाविद्यालयाला वरचा दर्जा मिळाला, अहवालात आमच्या ई-ग्रंथालयाचं कौतुक झालं, पेढे वाटले गेले. फुकटचा महिना संपला आणि दार बंद झालं. वर्गणीची माझी फाइल ‘पुढील वर्षी विचार व्हावा’ असा शेरा घेऊन परत आली. नव्या खोलीला कुलूप लागलं. मी जाऊन बघितलं तर कव्हरं परत चढवलेली होती.

विद्यापीठाच्या समितीपुढे सारिका गेली तेव्हा मी रजा काढून बरोबर गेले. मला आत जाता येणार नव्हतं, मी बाहेर बाकावर बसले. ती आत फार वेळ नव्हती. बाहेर आली तेव्हा हातातली फाइल तिनं छातीशी धरलेली होती. आत काय झालं ते तिनं एसटीत सांगितलं. विषय ऐकून सदस्यांतले एक जण म्हणाले, अमेरिकेचा इतिहास, आणि पाथर्डीत बसून? दुसऱ्यांनी विचारलं, आधीच्या संशोधनाचा आढावा अपुरा का? ती म्हणाली, सोय बंद झाली. मग त्यांनी विभागप्रमुखांकडे बघून विचारलं, तुमच्या महाविद्यालयात या विषयाची साधनं उपलब्ध आहेत का? विभागप्रमुखांनी तिचं लिखाण वाचलेलं नव्हतं. ‘आहेत’ म्हणाले असते तर पुढचे प्रश्न त्यांनाच आले असते.

“सर म्हनले, तशी मर्यादितच हायेत,” सारिकानं सांगितलं.

ज्या महाविद्यालयाच्या ई-ग्रंथालयाला त्याच वर्षी शाबासकी मिळाली, तिथे साधनं नाहीत म्हणून विषय नामंजूर झाला. वर समितीनं प्रेमानं सल्ला दिला की जवळचा विषय घ्या, जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याचा इतिहास घ्या, साहित्य भरपूर मिळेल. हे ऊसतोड कामगाराच्या मुलीला सांगितलं. मी म्हटलं, घे तोच, आत शिरल्यावर आपल्याला हवं ते लिही. “मॅडम, कारखान्याची पुस्तकं म्या बघितलीत. चेरमनचा फोटो, मशिनीचा फोटो. त्यात आमी न्हाई,” ती म्हणाली.

पुढच्या खेपेला अर्ज कर म्हणून मी मागे लागले. पण घरी तिची मुदत संपली होती. लग्न झालं, पाथर्डीतल्या एका खासगी शाळेत ती शिकवायला लागली. नवरा हंगामात ट्रॅक्टर चालवतो. मी निवृत्त झाले. विभागप्रमुखांची मुलगी शिकायला अमेरिकेला गेली, तिचा फोटो त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. माझ्या मनात काय आलं ते छापण्यासारखं नाही.

गेल्या हिवाळ्यात सारिकाचा फोन आला. मला वाटलं, परत शोध सुरू करायचा असेल. ती म्हणाली, आई मोळ्या भरताना ट्रॉलीवरून पडली, पाय मोडला, ऑपरेशन झालंय, आता सरकारी मदतीसाठी अर्ज करायचाय. तर अर्जाला जोडायला ती त्या फडात कामाला होती याचा पुरावा पाहिजे. “तुमाला शोधायची सवय हाय, म्हून फोन केला.”

मी कंबर कसून लागले. कारखान्याला फोन केला. ते म्हणाले, तोडणीवाले आमचे कामगार नाहीत, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणाला, बाईंचं नाव माझ्याकडं नसतं, कोयता नवऱ्याच्या नावावर हाय. नवऱ्याच्या नावानं अर्ज चालेना, कारण पाय नवऱ्याचा मोडलेला नव्हता. दवाखान्याच्या कागदावर ‘पडल्याने’ एवढंच होतं, कुठे पडली ते नव्हतं. सोबतच्या टोळीतले लोक साक्ष द्यायला तयार होते, पण मुकादमाचा निरोप आला आणि मग नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोला शंभर वर्षांपूर्वी उतरलेला माणूस मी दुपारच्या चहापर्यंत शोधून देत असे. ही बाई या हंगामात आपल्याच राज्यातल्या एका उसाच्या शेतात होती, एवढं मला कुठूनही दाखवता आलं नाही.

शेवटी मीच एक पत्र लिहिलं, की मी या बाईंना ओळखते, त्या ऊसतोडणीचं काम करतात. ते घेऊन आम्ही तिघी मदतीचे अर्ज घेणाऱ्या नगरच्या सरकारी कार्यालयात गेलो. आईला कुबडी होती, तिला आत टेबलापाशीच खुर्ची दिली. या वेळी ती बसली. साहेब तरुण होते, उर्मट अजिबात नव्हते. पत्र त्यांनी नीट वाचलं.

“तुम्ही त्या दिवशी फडात हजर होतात?”

“नाही.”

“मग या पत्राला काय अर्थ आहे, मॅडम? तुम्ही ग्रंथपाल होतात म्हणता. पुरावा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं का?”

आईनं मोडका पाय हातांनी उचलून जरा पुढे सरकवला, साहेबांच्या टेबलाखालून तो त्यांच्या बुटापर्यंत गेला.

“म्या हितं म्होरं बसलेय की,” ती लेकीला म्हणाली. “ह्येंना दिसना का?”

साहेबांनी पत्र घडी घालून मला परत दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.